जुन्या जर्मन सुरईचं वय कसं काढायचं

बॉनमध्ये ऱ्हाईनकाठच्या बागेत महिन्यातून एकदा मोठा जुना बाजार भरतो. तिथे एका शनिवारी मी एक तपकिरी सुरई उचलली. पोटावर नाचणाऱ्या शेतकऱ्यांचा उठावदार पट्टा, त्यात १५८३ हा आकडा, वर कथलाच्या धातूचं झाकण. विकणाऱ्याने वयाबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. मीच त्या आकड्यावर भरवसा ठेवून पैसे मोजले. घरी आल्यावर सुरई उलटी केली आणि बुडावर ठसवलेला तीन अंकी क्रमांक दिसला. सोळाव्या शतकातला कुंभार आपल्या भांड्यांना असे क्रमांक देत नसे. ते काम एकोणिसाव्या शतकातल्या कारखान्यांचं.

तेव्हापासून मी एक क्रम पाळते: आधी बूड, मग आतली बाजू, मग कान, मग माती आणि झिलई, आणि सगळ्यात शेवटी नक्षी, अक्षरं, आकडे. आपली नजर नेमकी उलट्या क्रमाने जाते, कारण नक्षी सुंदर असते आणि आकडा वाचायला सोपा. पण नक्षीची नक्कल करता येते, घडवण्याच्या पद्धतीची नक्कल फार थोडे लोक करतात. आणि एक नियम सतत डोक्यात ठेवायचा: भांड्यावरची सगळ्यात उशिराची खूण त्याचं वय ठरवते. नव्याण्णव गोष्टी १६०० सालच्या वाटल्या आणि एक गोष्ट १८८० शिवाय शक्य नसेल, तर भांडं १८८० नंतरचं.

हाताशी काय हवं? दहापट मोठं दाखवणारं भिंग, छोटी विजेरी, मोजपट्टी, दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा दांडीचा आरसा आणि मऊ ब्रश. भांडं पाण्यात बुडवून धुवू नका. जुनी डागडुजी रंग-गोंदाने झाकलेली असते, ती सुटते, आणि धातूच्या झाकणाच्या सांध्यात पाणी शिरतं. ओल्या फडक्याने पुसलं तरी पुरे.

आधी ते स्टोनवेअर आहे का?

आपल्या घरातली लोणच्याची बरणी आठवा. वर तपकिरी, खाली पांढुरकी, जड, खार-तेल वर्षभर ठेवलं तरी बाहेर न पाझरणारी. ते स्टोनवेअर. माती साधारण १२०० ते १३०० अंशांपर्यंत भाजली की तिचे कण एकजीव होतात आणि भांडं दगडासारखं होतं. माठाची माती त्यामानाने कमी तापमानाला भाजते, म्हणून माठ पाझरतो आणि पाणी गार करतो. बुडाच्या उघड्या, झिलई नसलेल्या भागावर पाण्याचा एक थेंब ठेवा. माठाची माती तो पटकन पिते, स्टोनवेअरवर तो तसाच बसून राहतो.

मडकं वाजवून घ्यावं म्हणतात ते इथेही खरं आहे, पण टिचकीचा आवाज तडा सांगतो, वय नाही. खणखणीत आवाज आला म्हणजे भांडं धड आहे, एवढंच.

आता झिलई. ऱ्हाईनच्या खोऱ्यातल्या कुंभारांची खासियत म्हणजे मिठाची झिलई. भट्टी पूर्ण तापली की वरच्या भोकांतून मीठ टाकायचे. त्यातल्या सोडियमची वाफ भांड्याच्या मातीतल्या सिलिकाशी संयोग पावते आणि काचेचा पातळ थर तयार होतो. तो थर भिंगाखाली पाहिला की संत्र्याच्या सालीसारखी बारीक खळी दिसते. ब्रशने लावलेली किंवा बुडवून चढवलेली झिलई अशी दिसत नाही, ती नक्षीच्या खाचांत साचते आणि कडांवरून ओघळते. मात्र मिठाची झिलई असणं हा जुनेपणाचा पुरावा नव्हे. वेस्टरवाल्ड या डोंगराळ कुंभारभागात मिठाच्या भट्ट्या विसाव्या शतकातही पेटत होत्या. झीगबुर्ग या कुंभारगावच्या कित्येक जुन्या, फिकट भांड्यांवर तर झिलई जवळजवळ नसतेच.

बूड

इथे घाई करू नका, माझा निम्मा वेळ इथेच जातो.

बुडाची कड चिमटीने दाबून लाटांसारखी केली असेल, जशी आपण करंजीची कड मुरडतो तशी, तर भांडं फार जुनं असण्याची शक्यता आहे. हा लाटदार पाया चौदाव्या-पंधराव्या शतकात आणि सोळाव्याच्या पूर्वार्धात झीगबुर्ग, रारेन वगैरे ठिकाणी सर्रास करत. पुढे तो मागे पडला आणि सपाट बूड आलं.

सपाट बुडावर एकात एक अडकलेल्या, एका बाजूला ओढल्यासारख्या कमानी दिसतात का पाहा. मोठ्या अंगठ्याचा ठसा उमटावा तशा. चाक फिरत असतानाच तारेने किंवा दोरीने भांडं कापून काढलं की त्या उमटतात. कोलोन, फ्रेखेन, रारेन इथल्या सोळाव्या-सतराव्या शतकातल्या भांड्यांवर ही खूण नेहमी आढळते. तेवढ्यावर निकाल देऊ नका, कारण आजचा हाताने काम करणारा कुंभारही असंच कापू शकतो. पण ती खूण नसेल आणि बूड यंत्रावर कातल्यासारखं नेटकं, मध्ये किंचित खोलगट, भोवती एकसारखी कडी असं असेल, तर आपण बहुधा कारखान्यात पोचलो आहोत.

ठसवलेला क्रमांक म्हणजे साच्याचा क्रमांक. कारखान्यांच्या सूचीत प्रत्येक नमुन्याला तो असे. त्याच्या जोडीला शब्द असतील तर काम आणखी सोपं होतं. 'मेड इन जर्मनी' ही छाप ब्रिटनच्या १८८७ च्या कायद्यानंतरची. नुसतं 'जर्मनी' बहुतेक वेळा १८९१ नंतरचं, कारण १८९० च्या अमेरिकन जकात कायद्याने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. 'डी आर जी एम' ही चार अक्षरं जर्मन साम्राज्याच्या नमुना-नोंदणीची, ती १८९१ पासून दिसतात. 'वेस्ट जर्मनी' असेल तर १९४९ ते १९९०. काहीच लिहिलेलं नाही म्हणून भांडं जुनं, असा उलटा तर्क मात्र करू नका. देशातल्या देशात विकलेल्या मालावर असा शिक्का लागत नव्हता, आणि कागदी चिठ्ठी चिकटवलेली असेल तर ती कधीच गळून गेली असेल.

बुडाची झीज पाहा. स्टोनवेअर इतकं कठीण असतं की साध्या सुरीने ओरखडत नाही, त्यामुळे तीनशे वर्षांची झीजही सौम्य असते: जिथे भांडं टेकतं तिथेच गुळगुळीतपणा, आणि तोही सगळीकडे सारखा नाही. बुडाच्या खोलगट भागातही ओरखडे असतील तर ते कोणीतरी मुद्दाम काढलेले आहेत.

आत डोकावणं

विजेरी आत सोडा आणि आरसा फिरवा. चाकावर ओढलेल्या भांड्याच्या आतल्या भिंतीवर कुंभाराच्या बोटांच्या वळ्या खालून वर चढत जातात. बाहेर कितीही नक्षी असली तरी आत वळ्याच, कारण जुन्या पद्धतीत भांडं आधी चाकावर घडवत आणि नक्षीचे तुकडे वेगळ्या साच्यांतून काढून, पातळ मातीने बाहेरून चिकटवत.

एकोणिसाव्या शतकात प्लास्टरचे साचे आले. मातीचा पातळ राबडा साच्यात ओतला की बाहेरच्या उठावाच्या जागी आत खळगा पडतो. बाहेर शेतकऱ्याचं पोट पुढे आलेलं आणि बरोबर त्याच जागी आत बोट बुडतं, असं झालं की प्रश्न संपला. काही कारखाने ओतण्याऐवजी माती साच्यात दाबून आतून आकार देत. तिथे खळगे नसतात, पण भिंत अगदी गुळगुळीत असते, एखाद्या पट्टीने फिरवल्यासारखी. माझ्या सुरईची आतली बाजू अशीच आहे.

कानाकडेही लक्ष द्या. जुना कान म्हणजे हाताने ओढलेली मातीची पट्टी. तिचं खालचं टोक अंगठ्याने दाबून चिकटवलेलं, कधी शेपटीसारखं वळवलेलं. साच्यातल्या कानाच्या दोन्ही कडांवर केसाएवढी सांध्याची रेघ राहते, घासून काढली असली तरी भिंगाखाली सापडते.

कुठलं आहे हे कळलं की काळ आपोआप आवळतो

झीगबुर्ग बॉनजवळच. माती फिकट करडी ते जवळजवळ पांढरी. इथे १३०० च्या आसपास पक्कं स्टोनवेअर होऊ लागलं. १५५० नंतर इथल्या उंच, वर निमुळत्या होत जाणाऱ्या पेल्यांनी नाव कमावलं. त्यांना जर्मनमध्ये 'श्नेले' म्हणतात, अंगावर बायबलमधली दृश्यं आणि राजचिन्हं. क्नुटगेन हे इथलं मोठं कुंभार घराणं. १६३२ मध्ये तीस वर्षांच्या युद्धात स्वीडिश फौजांनी गाव घेतलं, कुंभारआळी उद्ध्वस्त झाली आणि तो बहर संपला. म्हणजे खरा झीगबुर्गचा श्नेले हाती आला तर त्याचा काळ बराच अरुंद आहे.

कोलोन शहरात सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात तपकिरी झिलईची भांडी होत, ओकची पानं आणि फळं हे त्यांचं आवडतं चिन्ह. भट्ट्यांच्या धुराला आणि आगीच्या धोक्याला शहर कंटाळलं, आणि शतकाच्या मध्यापर्यंत धंदा जवळच्या फ्रेखेन गावात सरकला. फ्रेखेनची ओळख म्हणजे करड्या मातीवर ठिपक्याठिपक्यांची तपकिरी झिलई. इंग्लंडमध्ये तिला वाघाच्या कातडीचं नाव पडलं होतं.

रारेन आखनजवळ आहे. पहिल्या महायुद्धानंतर तो भाग बेल्जियमकडे गेला, तरी भांड्यांच्या इतिहासात ते जर्मनच. इथला सर्वांत गाजलेला कुंभार यान एमेन्स मेनिकेन. गोल पोटाभोवती चित्रांचा पट्टा असलेल्या तपकिरी सुरया ही रारेनची शैली, आणि १५८० च्या दशकापासून इथे करडी-निळी भांडीही होऊ लागली.

ती करडी-निळी कला सोळाव्या शतकाच्या अखेरीस रारेन आणि झीगबुर्गच्या कुंभारांबरोबर वेस्टरवाल्डच्या डोंगराळ भागात, ह्योर आणि ग्रेंझहाउझेन गावांत गेली. कोबाल्टचा निळा रंग मिठाच्या भट्टीत टिकतो, म्हणून तो निवडला. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याला मँगनीजच्या जांभळ्याची साथ मिळाली. जांभळा दिसला की १६५० च्या आधी जायचं नाही, ही माझी ढोबळ सीमारेषा. अठराव्या शतकात चिकटवलेली नक्षी कमी होत जाते, आणि ओल्या मातीत टोकदार काडीने कोरलेली फुलं-पक्षी आणि काडी नाचवत उमटवलेले पंखे वाढत जातात.

दाढीवाले चेहरे

गळ्यावर दाढीवाल्याचा मुखवटा असलेली सुरई म्हणजे 'बार्टमान'. इंग्रजीत तिला बेलार्मिनो या कॅथलिक कार्डिनलचं, म्हणजे बड्या धर्मगुरूचं, नाव चिकटलं, पण ते वय काढायला उपयोगाचं नाही. बेलार्मिनोचा जन्म १५४२ चा, आणि कोलोनचे कुंभार त्याच्या आधीपासून दाढीवाले घडवत होते.

उपयोगी आहे तो चेहऱ्याचा बदल. सुरुवातीचे चेहरे भरदार, नीट घडवलेले, बहुधा प्रसन्न. दाढी रुंद आणि पोटापर्यंत उतरलेली, भांडं बुटकं आणि गोल. मधल्या पट्टीवर कधी 'ड्रिंक उंड एस्ट, गॉट्स निट फेरगेस्ट' अशी अक्षरं, म्हणजे खा-प्या, देवाला विसरू नका. सतराव्या शतकात मागणी प्रचंड वाढली आणि काम घाईचं झालं. चेहरा आखडला, भुवया रागीट झाल्या, दाढी चौकोनी पट्टीसारखी झाली, भांडं उभट आणि पेअरसारखं झालं. शतक संपता संपता मुखवटा इतका ओबडधोबड होतो की तो चेहरा आहे हे सांगावं लागतं.

या बदलाला पक्क्या तारखा बुडालेल्या जहाजांनी दिल्या. डच ईस्ट इंडिया कंपनीचं 'बटाविया' १६२९ मध्ये आणि 'व्हर्गुल्डे ड्राक' १६५६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर फुटलं, आणि दोन्हींच्या अवशेषांत बार्टमान सुरया निघाल्या. समुद्रतळाशी गेलेल्या मालात नंतरची भर पडत नाही, म्हणून तुमचा मुखवटा त्या सुरयांच्या छायाचित्रांशेजारी ठेवून पाहणं हा फार चांगला अभ्यास आहे. सतराव्या शतकात याच कंपनीची वखार आपल्या वेंगुर्ल्यात होती, हे मला त्या सुरया पाहताना दरवेळी आठवतं.

पोटावरची चकती म्हणजे शहराचं किंवा घराण्याचं चिन्ह. ॲमस्टरडॅमचे तीन फुलीसारखे क्रूस वारंवार भेटतात. याचा अर्थ भांडं तिथल्या बाजारासाठी केलेलं, तिथे घडवलेलं नव्हे. आणि इंग्लंडमध्ये जॉन ड्वाइटने १६७२ मध्ये फुलम इथे स्टोनवेअरचं पेटंट मिळवून तशाच सुरया केल्या, म्हणजे प्रत्येक दाढीवाला जर्मनच असेल असं नाही.

भांड्यावर लिहिलेलं साल

बहुतेकांची फसगत इथे होते. चिकटवलेल्या नक्षीवरचं साल हे साचा कोरल्याचं साल असतं. साचा टिकाऊ, तो वर्षानुवर्षं वापरत, बापाकडून मुलाकडे जाई. त्यामुळे अस्सल जुन्या सुरईवर १५८३ असेल तर तिचा अर्थ '१५८३ किंवा त्यानंतर', एवढाच. ओल्या मातीत हाताने कोरलेलं साल त्यापेक्षा कितीतरी विश्वासार्ह, कारण ते त्याच भांड्यासाठी लिहिलेलं असतं.

राजांची आद्याक्षरं मदत करतात. वेस्टरवाल्डचा माल इंग्लंडला भरपूर जाई. 'डब्ल्यू आर' म्हणजे राजा विल्यम, १६८९ ते १७०२. 'ए आर' म्हणजे राणी ॲन, १७०२ ते १७१४. 'जी आर' म्हणजे जॉर्ज, १७१४ पासून पुढे, पण लागोपाठ जॉर्ज गादीवर आल्याने यातून सुरुवातीची मर्यादा कळते, शेवटची नाही.

१८७० नंतरचा पेच

१८७१ मध्ये जर्मनी एक झाला आणि 'जुन्या जर्मन' शैलीचं वेड घरोघर पोचलं. दिवाणखान्यात प्रबोधनकाळातल्यासारखी कपाटं आली आणि त्यांवर ठेवायला सुरया हव्या झाल्या. ह्योरमध्ये राइनहोल्ड हांके, ग्रेंझहाउझेनमध्ये मेर्केलबाख उंड विक, रारेनमध्ये ह्यूबर्ट शिफर अशा लोकांनी सोळाव्या शतकातले नमुने पुन्हा काढले, जुन्या सालांसकट. फसवण्याचा हेतू बहुतेकांचा नव्हता. ते आपल्या आजोबांच्या कलेचा मान राखत होते, आणि त्यांचं काम आज स्वतःच सव्वाशे-दीडशे वर्षांचं झालं आहे. माझ्या मते ही भांडी 'नक्कल' म्हणून झिडकारणं अन्याय आहे.

पण ओळखता आली पाहिजेत. क्रमांक, गुळगुळीत आतली बाजू, एकसारखी माती आणि अति समतोल निळा रंग ही चार लक्षणं झालीच. पाचवं मोजपट्टीने सापडतं. ओली माती वाळताना आणि भाजताना दहा टक्क्यांच्या आसपास आटते. जुन्या भांड्यावरून साचा काढून नवं केलं की ते तेवढंच लहान होतं. संग्रहालयातली मूळ सुरई २४ सेंटीमीटर आणि तुमची त्याच नक्षीची साडेएकवीस, तर उत्तर मिळालं. नक्षीही बोथटते: बोटं एकमेकांत मिसळतात, अक्षरांचे कोपरे गोल होतात.

गळ्याजवळ लिटरची खूण आणि आडवी रेघ असेल तर तीही पाहा. गुत्त्यांतल्या भांड्यांवर मापाची रेघ १८८४ पासून कायद्याने सक्तीची झाली.

झाकण

कथलाच्या मिश्रधातूचं झाकण शेवटी तपासा, आणि त्याचं वय वेगळं लिहा. वाड्याची कौलं बदलावीत तशी झाकणं बदलत. त्यावर कोरलेलं नाव आणि साल मालकाचं असतं, लग्नाचं किंवा भेटीचं. भांडं त्याहून जुनं असू शकतं. झाकण कानाला जिथे जोडलंय तिथली पट्टी झिलईवर झिजलेली आहे का, आणि दुसऱ्या कुठल्या पट्टीचा फिकट ठसा शिल्लक आहे का, हे पाहा. सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये काही सुरयांना चांदीची तोंडं बसवली. त्यांवर लंडनच्या सोनारांचं वर्षाचं अक्षर असेल तर सुरई त्या वर्षाच्या आधीची, असं सहसा धरता येतं.

पाण्याच्या बाटल्या

मुंबईच्या चोर बाजारात किंवा एखाद्या जुन्या घराच्या माळ्यावर उंच, सरळ, एका छोट्या कानाची करडी-तपकिरी बाटली भेटली तर ती बहुधा खनिज पाण्याची किंवा डच दारूची असेल. यांचं वय काढणं तुलनेने सोपं, कारण शिक्का राजकीय इतिहास सांगतो. सेल्टर्सचा झरा १८०३ पर्यंत ट्रियरच्या धर्माधिकारी राजाकडे होता, तेव्हाच्या शिक्क्यात क्रूस. 'हेर्झोगटुम नासाउ' म्हणजे नासाउच्या ड्यूकचं राज्य, ते १८०६ ते १८६६. नंतर प्रशियाचा गरुड. अठराव्या शतकातल्या बाटल्या फुगीर, एकोणिसाव्यातल्या सरळ नळीसारख्या. आत बोटांच्या वळ्या असतील तर हातकाम. साधारण १८८० पासून यंत्राने दाबून काढलेल्या बाटल्या आल्या, त्या आतून गुळगुळीत. कानाजवळचं अक्षर आणि आकडा हे गावाचं आणि कुंभाराचं चिन्ह.

निकाल लिहिताना

एकच साल लिहू नका. 'या वर्षानंतर' आणि 'या वर्षाआधी' अशा दोन मर्यादा लिहा आणि प्रत्येकीसमोर कारण लिहा. मग बूड, आतली बाजू, कान, मुखवटा यांची स्वच्छ छायाचित्रं घेऊन संग्रहालयातल्या नमुन्यांशी ताडून पाहा. ह्योर-ग्रेंझहाउझेनचं सिरॅमिक संग्रहालय, रारेनच्या किल्ल्यातलं कुंभारकलेचं संग्रहालय, झीगबुर्गचं शहर संग्रहालय आणि ड्युसेलडॉर्फचं हेट्येन्स संग्रहालय, या चारांत मिळून जवळजवळ सगळा इतिहास डोळ्यांसमोर येतो.

प्रयोगशाळेतली औष्णिक प्रकाशाची चाचणीही आहे. बुडातून चिमूटभर भुकटी काढून ती तापवतात आणि निघणाऱ्या प्रकाशावरून भांडं शेवटचं केव्हा भाजलं गेलं हे मोजतात. ती नेमकं साल देत नाही, पण चारशे वर्षं की दीडशे, एवढा फरक नक्की सांगते. भोक पाडावं लागतं, खर्चही येतो, म्हणून खरोखर मोलाच्या भांड्यासाठीच ती करावी.

माझ्या सुरईसाठी त्याची गरज पडली नाही. तिच्यासोबत ठेवलेल्या चिठ्ठीवर मी असं लिहिलं आहे: 'रारेन शैली. घडण साच्यातली, आतून गुळगुळीत, कानावर सांध्याची रेघ. बुडावर नमुना क्रमांक, देशाचं नाव नाही. नक्षीतलं साल १५८३, ते मूळ नमुन्याचं. बहुधा वेस्टरवाल्ड, १८७० नंतर, १९१४ च्या आधी. झाकण त्याच काळातलं, बिजागरी मूळची.'